दादाची सायकल, माझी ट्यूब

दादाने नवी सायकल घेतली तेव्हा जुनी मला दिली. दिली म्हणजे आमच्या ओट्यावर आणून उभी केली आणि आईला म्हणाला, "वापरू दे तिला. पण नीट वापरायला सांग." मी तिथेच उभी होते.

सायकल चांगली होती. डोंगरात चालवायची, जाड दातांच्या टायरांची. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर सुया टोचायच्या आणि रिपोर्ट अजून का नाही म्हणून लोकांच्या शिव्या खायच्या. रविवारी सकाळी सड्यावर जाऊन आले की पुढचा आठवडा सहन होतो. कातळाच्या त्या उघड्या पठारावर कोणी काही मागत नाही.

मागणारा एकच होता, तो म्हणजे दादा. तोही रविवारी सड्यावर यायचा. पुढे जायचा, थांबायचा, वळून माझ्या चाकांकडे बघायचा.

"ट्यूब काढून टाक गो. आता कोण वापरतं ट्यूब?"

एकदा कातळाच्या कडेवर माझं मागचं चाक आपटलं आणि ट्यूब चिमटली. जनावराने डसल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं. मी टायर काढून ट्यूब बदलेपर्यंत तो समोर सायकलवर एक पाय टेकून उभा राहिला आणि शिकवत राहिला. ट्यूबलेसमध्ये हवा कमी ठेवता येते, चाक कातळाला धरून चालतं, चिमटायला आत ट्यूबच नसते. टायरच्या आत पांढरा चीक ओतलेला असतो, काटा घुसला तर तोच भोक बुजवतो.

हे सगळं खरं आहे. मी कधी नाकारलं नाही. पण ट्यूबलेस टायर रिमवर बसवायला एकदम जोरात हवा मारावी लागते, माझ्या हातपंपाने तो बसत नाही. कॉम्प्रेसर लागतो. दादाचं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे, कॉम्प्रेसर तिथे. म्हणजे टायर बसला की दादा, उतरला की दादा. ट्यूब फुटली तर मी सायकल एखाद्या दगडी गडग्याला टेकवते, ट्यूब बदलते आणि पुढे जाते. मला कोणाला फोन करावा लागत नाही. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "फोन करायला लाज वाटते का भावाला?"

मग एके संध्याकाळी लॅबमधून आले तर ओट्यावर सायकल नव्हती. आई म्हणाली, "दादा घेऊन गेला. काहीतरी करून देतो म्हणाला."

दुसऱ्या दिवशी सायकल आली. ट्यूबलेस करून. माझ्या ट्यूबा कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, "टाकल्या. जुन्या झाल्या होत्या."

"मला विचारलंस?"

"तुझ्याच भल्यासाठी केलं ना?"

"सायकल माझी आहे, दादा."

तो हसला. आईकडे बघून हसला. "बरं बाई, तुझी."

त्या हसण्याचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात फार थोड्या गोष्टींचा आला असेल.

उन्हाळा लागला. लॅबमध्ये सुट्ट्यांवरून ओढाताण चालली होती, काही आठवडे मी सायकलला हात लावला नाही. तेवढ्यात आतला चीक वाळला आणि मागचा टायर रिमवरून सुटून बसला. हातपंप मारून मारून खांदे दुखले, टायर हलेना. शेवटी चाक घेऊन गॅरेजवर गेले. दादा एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्याने मला बघितलं, आणि बोलत राहिला. मी चाक हातात धरून रंगाच्या वासात उभी. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "आलीस ना शेवटी?"

चाक फुगवून घेतलं आणि घरी आले. त्याच आठवड्यात दोन नव्या ट्यूबा आणल्या, मोरीत बसून दोन्ही टायर उघडले, आतल्या चिकाच्या खपल्या खरवडल्या. आतून हात फिरवला तर काटेच काटे. चिकाने भोकं बुजवली होती, काटे मात्र जिथल्या तिथे होते. ट्यूब घालायची तर एकेक उपटायला हवा. रक्त काढायची सवय असल्यामुळे असेल, मला हे काम आवडलं. आई मोरीच्या दारात उभी राहून म्हणत होती, "कशाला त्याच्याशी वाकडं घेतेस?" मी पुढचा काटा उपटला.

दादाला ते रविवारी कळलं. त्याने चाकाला हात लावून दाबून बघितलं, पुढे निघाला, आणि त्या दिवशी तो असा चालवत होता की मी मागे पडलेच पाहिजे. चिरेखाणीच्या पलीकडे कातळ फुटून कडा वर आल्यात, सुरीसारख्या. तिथून लोक सायकल हातात धरून नेतात. तो चालवतच गेला.

मी पोचले तेव्हा तो खाली बसला होता. मागच्या टायरची बाजू बोटभर फाटली होती आणि पांढरा चीक लाल मातीवर सांडला होता. तो फाटेत रबराचा प्लग कोंबत होता. हवा भरली की प्लग बाहेर उडायचा. पुन्हा कोंबायचा, पुन्हा उडायचा. फाट मोठी असेल तर चीकही काही करत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

मी पिशवीतून जास्तीची ट्यूब काढून पुढे केली. "ही घाल. फाटेला आतून जाड काहीतरी लावू. आधी काटे काढावे लागतील, ते मी काढते."

"नको."

"दादा, ऊन वाढतंय."

"ती तुझ्या चाकाची. माझं चाक मोठं आहे."

"ताणली की बसते. घरापर्यंत जाशील."

त्याने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सांगितलं ना नको म्हणून! कळत नाय काय तुला? जा तू."

मी ट्यूब त्याच्याजवळ दगडावर ठेवली. त्याने ती उचलली आणि माझ्या अंगावर फेकली. छातीवर आपटून ती खाली पडली. मी ती झटकून पिशवीत घातली, सायकलवर बसले आणि निघाले. वळून बघितलं नाही.

घरी येऊन आंघोळ केली, जेवले. दुपारी वहिनीचा फोन. "हे अजून आले नाहीत हो. तुमच्याबरोबर होते ना?"

"टायर फाटलाय. चालत येतायत. मी ट्यूब देत होते, घेतली नाही."

वहिनी म्हणाली, "घेणार नाहीतच," आणि फोन ठेवला.

तो आला तेव्हा त्याच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. पेडलला अडकणाऱ्या त्या बुटांनी कातळावर चालता येत नाही. संध्याकाळी आईला फोन करून म्हणाला, "तुझ्या मुलीने मला सड्यावर टाकलं." ट्यूबचं नाव काढलं नाही. आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "भाऊ आहे तो तुझा. थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"त्याने जा म्हटलं."

"म्हटलं म्हणून जायचं?"

"हो," मी म्हटलं. आजही तेच म्हणेन.

त्या आठवड्यात मी सायकल धुतली, चेनला तेल दिलं, त्याने लावलेले ट्यूबलेसचे व्हॉल्व्ह पुडीत बांधून हँडलला अडकवले आणि सायकल गॅरेजसमोर लावून आले. तो आतून बघत होता, बाहेर आला नाही. पुढे ती त्याने आपल्या मेव्हण्याला दिली.

मी माझी घेतली. तिच्या मागच्या चाकाला वर्षभर करवंदांच्या काट्यांनी इतकं छळलं की शेवटी हवा साठवून एकदम सोडणारा पंप आणून मागचं चाक मी स्वतः ओट्यावर ट्यूबलेस केलं. पुढच्यात ट्यूबच आहे, तिथे मला काही त्रास नाही. पिशवीत जास्तीची ट्यूब असतेच.

गेल्या पावसाळ्यानंतर दादा सड्यावर समोरून आला. थांबला. नजर थेट मागच्या चाकाच्या ट्यूबलेस व्हॉल्व्हवर गेली.

"मग? सांगत होतो ना मी?"

"तू सांगितलंस म्हणून नाही लावलं."

"एकच ते."

"एकच नाही," मी म्हटलं. तो तेच हसू हसला, ज्याचा मला राग येतो. बाजूला वाळलेल्या गवतात त्याच्या मेव्हण्याने ती जुनी सायकल उलटी ठेवली होती आणि घामाघूम होऊन चाक काढत होता. दादा त्याच्याकडे वळला आणि म्हणाला, "अरे, असं नाही. दे इकडे."