काळ्या ज्वारीचं उसनं

पारोळ्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव. तिथल्या रेशन दुकानाच्या दक्षता समितीत मला घेतलं, ते मी पत्रकं लिहितो आणि बोलायला घाबरत नाही म्हणून. धान्याचा ट्रक आला की पोती उतरण्याआधी माल बघायचा आणि पावतीवर सही करायची, एवढं समितीचं काम. बाकीचे सभासद घरी चहा पिता पिता सही करत. मी दुकानासमोर उभा राहायचो.

रेशनचा गहू-तांदूळ परराज्यांतून रेल्वेने मोठ्या गोदामात येतो, तिथून तालुक्याच्या गोदामात आणि मग दुकानात. ज्वारीचा रस्ता जवळचा. सरकार ती आमच्याच भागातल्या शेतकऱ्यांकडून हमीभावाने घेतं आणि काही महिन्यांनी गव्हाच्या जागी रेशनवर देतं. हे मला पाठ होतं.

त्या वर्षी दिवाळीआधी कणसं उभी असताना पाऊस झाला आणि ज्वारी काळी पडली. खरेदी केंद्र ती घेईना. मी पत्रक काढलं: पाऊस शेतकऱ्याने पाडलेला नाही, काळी ज्वारीही विकत घ्या. आजूबाजूच्या गावांनी मोर्चा नेला. निकष सैल झाले, ज्वारी विकली गेली. आमचीही गेली. पावसाआधी कापलेली पांढरी ज्वारी आईने कोठीत ठेवली, काळी केंद्रावर पाठवली. सगळ्यांनी तेच केलं. त्यात वावगं कुणाला वाटलं नाही, मलाही नाही.

उन्हाळ्यात ट्रक आला. हमालाने पोकळ लोखंडी सळई पोत्यात खुपसली आणि दाणे माझ्या हातावर ओतले. काळे, हलके, कुबट वासाचे.

"हे माणसांनी खायचं? मी सही करत नाही," मी म्हणालो.

दुकानदार शेठ साठीचे. घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या इथेच. त्यांनी चष्मा काढून दाणे बघितले. "सही नाही तर मी उतरवून घेत नाही, भाऊ. पण ही तीच ना, तुमच्या पत्रकातली?"

"पत्रकात विकत घ्या म्हटलं होतं. गरिबांना खाऊ घाला असं नव्हतं म्हटलं."

"मग सरकारने काय करायचं तिचं? लोणचं घालायचं?"

रांग हसली. सगळ्यात पुढे उभी असलेली अक्का हसली नाही. ती आमच्या वावरात कापणीला यायची. घरात ती आणि दोन नातवंडं.

"भाऊ, घरमा दोन दिननं पीठ शे. मी निवडी लिसू. तू सही कर."

"अक्का, चांगली ज्वारी तुना हक्क शे."

"हक्क कव्हय येई? पीठ सराना आधी, का मंग?"

मी पावती सहीविना परत दिली. ट्रक परत गेला. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हेही इथे लिहायला हवं.

तिसऱ्या दिवशी अक्का आमच्या मागच्या दाराशी रिकामा डबा घेऊन आली आणि आईकडे उसनी ज्वारी मागितली. आमच्याकडे उसनं मापाने घेतात आणि मापानेच फेडतात, ज्वारीला ज्वारी. आईने कोठीतून पायलीभर मोजून दिली. अक्काने दाणे बोटांतून खाली सोडले.

"ही तं धवळी शे."

"घरनी शे," आई म्हणाली.

"हां. घरनी," अक्का म्हणाली आणि डब्याला झाकण लावलं. मी ओट्यावर बसलो होतो. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

दहा-बारा दिवसांनी तोच ट्रक तीच पोती घेऊन आला. सोबत तालुक्याचे पुरवठा निरीक्षक होते. त्यांनी दाणे हातात घेतले आणि शांतपणे सांगितलं की ही ज्वारी निकषात बसते. दुसरी शिल्लक नाही. आता परत पाठवली तर गावाचं या महिन्याचं धान्य बुडेल. "निकष कुणाच्या मागणीवरून सैल झाले, ते तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

मी पावतीवर 'दाणा काळा, वास कुबट' असं लिहिलं आणि त्याखाली सही केली. अक्काने मशीनवर अंगठा ठेवला आणि आपला वाटा पिशवीत भरून घेतला.

संध्याकाळी ती उसनं फेडायला आली. "मोजी ले," आईला म्हणाली. पायली बरोबर भरली. ज्वारी काळी होती. ती निवडलेली होती, एक खडा नव्हता, पण काळीच होती.

आईने ती कोठीत ओतली नाही. दुसऱ्या दिवशी दळून आणली. भाकरी करडी झाली, चवीला कडवट. माझे वडील पहिला घास बराच वेळ चावत राहिले. पूर्वी तेही पत्रकं काढायचे; त्यांच्याच पत्रकांवर मी वाचायला शिकलो.

"पुढचं पत्रक लिहिशील तेव्हा, विकत घेतल्यावर तिचं काय करायचं, तेही लिही," ते म्हणाले.

ते मी अजून लिहिलेलं नाही. पीठ आठवडाभर पुरलं.