ट्राउटच्या पोटात काय होतं

"चल, न्यूझीलंडला जाऊ. आपण दोघंच," असं नवरा आपणहून म्हणाला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात पहिला शब्द आला तो, "का?"

मी सिंगापूरमधल्या एका बँकेत कंप्लायन्सचं काम करते. समोरचा सांगतो ते खरं नसावं असं धरून चालण्याचाच मला पगार मिळतो. आणि श्रीरंगच्या बाबतीत धरून चालण्यासारखं बरंच काही साठलं होतं. चोवीस वर्षं कडक इस्त्रीचे शर्ट घालणारा हा माणूस अचानक टी-शर्टात ऑफिसला जायला लागला. फोन आला की कपडे वाळत घालायच्या यार्डात जाऊन दार लावून घ्यायला लागला. दर शनिवारी सकाळी घरून, आंग मो किओहून, पार ईस्ट कोस्टला जायचा. कशाला, तर तिथल्या हिरवळीवर मासे पकडायची काठी फेकण्याचा सराव करायला. पाणी नाही, मासा नाही, नुसती हिरवळ! पन्नाशीच्या पुरुषाने टी-शर्ट, फोन आणि शनिवार हे तिन्ही एकदम बदलले तर बायकोने काय समजायचं? मी जे समजायचं ते समजले होते. विचारलं मात्र नव्हतं. पुरावा हातात आल्याशिवाय विचारायचं नाही, ही नोकरीची सवय.

मुलीला, इराला, मी फक्त एवढंच म्हटलं, की बाबाला एकदम फिरायला न्यायची हुक्की कशी काय आली? ती म्हणाली, "मा, यू ऑल्वेज सो सस्पिशियस. ही जस्ट वॉन्ट हॉलिडे लाह!"

तर चायनीज न्यू इयरच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही निघालो. मी सहलीला चालले होते आणि पाळतीवरही.

पहिला आणि दुसरा दिवस: क्राइस्टचर्च ते गोर

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ वगैरे लावत नाहीत. गळावर पिसं आणि दोरे गुंडाळून खोटा किडा बांधतात, त्याला फ्लाय म्हणतात. मासा त्या वेळी जो किडा खात असेल, नेमका तसाच बांधावा लागतो. श्रीरंगने गेलं वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलाला छोटा शिकंजा लावून असे किडे बांधले होते. गंमत म्हणजे हा सदाशिव पेठेतल्या कट्टर शाकाहारी घरातला. लग्नानंतर माझ्या हातचा मासा खायला शिकला, पण मी मासा साफ करायला घेतला की अजूनही उठून दुसऱ्या खोलीत जातो. पकडलेला मासा लगेच सोडून द्यायचा, असं त्याने आधीच जाहीर केलं होतं. मग पकडायचा कशाला, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

क्राइस्टचर्चला उतरताना एक सांभाळा: खाण्याचं काहीही असलं तरी फॉर्मवर लिहा. मी मेतकूटसुद्धा लिहिलं. अधिकारी बाईंनी पुडी हुंगली आणि माझ्याकडे मी लोकांकडे बघते तसं बघितलं. मग श्रीरंगची फ्लायची डबी उघडली. तळव्याला नमद्याचा, म्हणजे फेल्टचा, थर असलेले मासेमारीचे बूट या देशात चालत नाहीत, नद्यांमधलं शेवाळ त्यांच्यातून पसरतं म्हणून. तेव्हा बूट तिकडेच भाड्याने घ्या.

खरा धक्का पार्किंगमध्ये बसला. श्रीरंगने भाड्याच्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू चालव. तुला आवडतं ना?"

मला आवडतं हे खरं, पण हा माणूस मला शेजारी बसूनसुद्धा ब्रेक मारून दाखवणारा. आता त्याला हात मोकळे हवे होते. मेसेज करायला, दुसरं काय! पुढचे दोन दिवस मी एक डोळा रस्त्यावर आणि एक त्याच्या फोनवर ठेवून गाडी चालवली. फोन खिशातच राहिला, आणि त्याचा उजवा हातही.

रस्ता सुरेख आहे, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. अरुंद पूल मात्र एकेरी असतात. तुमच्या बाजूचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं. पहिला मुक्काम वाटेत ओमारूला, दुसऱ्या दिवशी दुपारी गोर. हे छोटं गाव माटाउरा नदीवर आहे आणि गावात एक भलामोठा ट्राउटचा पुतळा उभा आहे. हॉलिडे पार्कमधली केबिन स्वस्त पडते, स्वयंपाकघर आणि मासे साफ करायचा ओटा सामायिक. शाकाहाऱ्यांनी इथले चीज रोल खावेत. श्रीरंगने चार खाल्ले.

तिसरा दिवस: दगड, कोळ्याची जाळी आणि ग्रॅहम

पहिल्या दिवशी गाइड घ्या. दर जबर आहे, पण घ्या. आमचा ग्रॅहम साठीचा, कमी बोलणारा. मला वाटलं होतं तो नदीवर पोचताच काठी फेकायला लावेल. त्याने अर्धा तास काठीला हातच लावू दिला नाही.

आधी तो पुलाच्या कठड्याकडे गेला आणि तिथली कोळ्याची जाळी बघायला लागला. रात्री नदीवर जे किडे उडाले ते जाळ्यात अडकलेले असतात, म्हणजे काल काय शिजलं होतं याची यादी आयती मिळते. मग त्याने पाण्यातला एक दगड उलटा केला. खाली चपटी, सहा पायांची पिल्लं सैरावैरा पळत होती. ही मेफ्लाय नावाच्या नदीवरच्या किड्याची पाण्याखालची अवस्था. मग आम्हाला काठावर बसवून नुसतं बघायला सांगितलं. मासा वर आला आणि पाण्यावर बुडबुडा राहिला, तर त्याने पृष्ठभागावरचा किडा खाल्ला. किड्यासोबत थोडी हवा तोंडात जाते, तिचा तो बुडबुडा. नुसती पाठ आणि शेपटी दिसली आणि बुडबुडा नाही, तर तो पृष्ठभागाच्या जरा खाली, वर यायच्या धडपडीत असलेले किडे टिपतोय.

"लोक उडणारे किडे बघतात आणि तसलेच बांधतात," ग्रॅहम म्हणाला. "मासा मात्र वेगळंच काही खात असतो."

हा माणूस आमच्या बँकेत असता तर माझा बॉस झाला असता.

श्रीरंगची डबी उघडून त्याने भुवया वर केल्या. "सुंदर आहेत. पण सगळ्या मोठ्याच? बारीक एकही नाही?"

"मोठ्या बऱ्या दिसतात," श्रीरंग म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

ग्रॅहमने आपल्या डबीतली बारीक फ्लाय काढून स्वतःच दोऱ्याला बांधली. दुपारी श्रीरंगला एक तपकिरी ट्राउट मिळाला, अंगावर लाल ठिपके. त्याने तो दोन्ही हातांनी पाण्यात धरला आणि हलकेच सोडला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्यामुळे माझा संशय आणखीच वाढला. घरी हा आनंद का नसतो?

चौथा दिवस: विलोखालचे चोखंदळ

गाइडशिवायचा दिवस. गावाबाहेर नदी वळण घेते, तिथे काठावर विलोची झाडं पाण्यावर झुकली आहेत. आपल्याकडचं वाळुंज ज्या कुळातलं, त्याच कुळातली ही. त्यांच्या सावलीत पाच-सहा मोठे ट्राउट एका रांगेत उभे होते आणि दर मिनिटाला तोंड वर करून काहीतरी गिळत होते. काय ते दिसत नव्हतं. मी जाळी पाहिली, दगड उलटले, सगळं ग्रॅहमने शिकवल्याप्रमाणे. मेफ्लाय होत्या. श्रीरंगची मेफ्लाय माशांच्या नाकासमोरून गेली. एकाने जवळ येऊन पाहिली आणि तोंड फिरवलं.

"बदल ना," मी म्हटलं.

"घेईल. थांब."

"अरे, तो घेत नाहीये! ग्रॅहम काय म्हणाला होता? नाही घेतली तर बदला."

"मेधा, मला करू देशील का?"

त्याने दिवसभर एकच फ्लाय फेकली. सकाळी केबिनमध्ये, मी आंघोळीला गेले असताना दोऱ्याला बांधलेली. वर्षभर डब्यांवर डबे भरणारा माणूस नदीवर आल्यावर डबी उघडतसुद्धा नाही? माझी खात्री पटली, की याचं मन माशात नाही. ते सिंगापूरमध्ये कुणापाशी तरी राहिलंय. वाळूमाश्या चावून चावून माझे घोटे फोडून काढत होत्या आणि मला रडू येत होतं. चोवीस वर्षांच्या संसाराचा निकाल असा परक्या नदीकाठी लागणार, असं काहीतरी मनात येत होतं.

परतल्यावर शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या आजोबांनी मला एक ट्राउट दिला. फुकट. मी आधी कल्ले उचलून बघितले, लालभडक होते. न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे, पकडायचा किंवा कुणी दिला तर खायचा, हे मला नंतर कळलं. कुठे पकडला म्हणून विचारलं, तर तेच विलोचं वळण.

श्रीरंग सवयीप्रमाणे केबिनमध्ये गेला. मी मासा ओट्यावर घेतला. माझं माहेर अलिबागचं. पोटातली घाण फेकण्याआधी तिच्यात काय आहे ते बघायचं, हे आईने शिकवलेलं. एकदा सुरमईच्या पोटातून अख्खी मांदेली निघाली होती. या ट्राउटच्या पोटाची पिशवी मी सुरीच्या टोकाने उघडली आणि बशीत पाणी घालून त्यात झटकली.

अळ्या! पिवळट, तांदळाच्या दाण्याएवढ्या, शंभर तरी असतील. मेफ्लाय एकही नाही.

मी तशीच वळणावर गेले. चालत दहा मिनिटं. विलोचं पान उलटं करून पाहिलं, तर त्यावर लालसर फुगीर गाठी होत्या. नखाने एक फोडली. आत तीच अळी. वाऱ्याने या अळ्या पाण्यात पडत होत्या आणि मासे खाली तोंड उघडून उभे होते. आम्ही दिवसभर नदी तपासत बसलो आणि खाऊ झाडावरून येत होता.

परत येऊन मी बशी उचलली आणि केबिनमध्ये धावले. साडेसात वाजले होते, तिथल्या उन्हाळ्यात लख्ख उजेड असतो. "श्री, हे बघ! आत्ताच्या आत्ता अशी एक बांध. माझ्या शिवणाच्या डबीत पिवळा दोरा आहे."

"उद्या बघू."

"उद्या नाही, आत्ता. वर्षभर काय केलंस मग?"

तो टेबलाशी बसला, शिकंजा लावला आणि सर्वांत बारीक गळ उचलला. गळ पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आणि मी त्याच्या हाताकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. बोटं आपली आपण हलत होती.

"हे असं आहे," तो म्हणाला.

मी बशी बाजूला ठेवली.

"दर आठवड्याला एक नंबर बारीक गळ घ्यायचो. म्हटलं, बांधता येतंय तोवर ठीक आहे. मग एका नंबरापाशी अडकलो. मग त्याच्या आधीच्या." शर्टाची बटणं लागत नव्हती म्हणून टी-शर्ट. काही शनिवारी ईस्ट कोस्टला काठी बाहेरसुद्धा काढली नाही, नुसता बाकावर बसून आला. आणि यार्डातले फोन पुण्याला, माझ्या मोठ्या दिरांना. ते डॉक्टर आहेत.

"दादांना माहीत आणि मला नाही?" मी ओरडलेच. खूप राग आला होता. आणि खरं सांगते, त्या रागाच्या तळाशी क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

"दादा रोज सांगत होता, मेधाला सांग. माझी हिंमत झाली नाही. आधी एकदा इथे येऊन मासा पकडायचा होता, हात आहेत तोवर. तुझ्याबरोबर."

पाचवा दिवस

विलोची अळी मी बांधली. तो शेजारी बसून सांगत होता: दोरा ओढून धर, अजून एक वेढा, पुरे. काठी फेकायला त्याच्या खांद्याला काही त्रास नव्हता. अळी फांदीखाली पाण्यात पडली, सगळ्यात मोठा ट्राउट जरासा तिरका झाला आणि त्याने ती गिळली. काठी वाकली, आणि पुढच्या क्षणी सरळ झाली. दोऱ्याची गाठ सुटली होती. तीही मीच मारलेली होती.

श्रीरंग गुडघाभर पाण्यात उभा राहून हसत सुटला.

घरी

जाणाऱ्यांसाठी: जानेवारी-फेब्रुवारीत जा, परवाना ऑनलाइन काढा, वाळूमाश्यांचं मलम विसरू नका, आणि विलो दिसला की आधी पानं उलटी करून बघा.

परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टर बाई तरुण आणि शांत होत्या. हे कधी सुरू झालं, असं त्यांनी विचारलं. श्रीरंग म्हणाला, चार महिने झाले असतील. मी म्हटलं, नाही, आठ. आणि मी क्रमाने सांगत गेले. आधी बटणं. मग हॉकर सेंटरमध्ये जेवताना चॉपस्टिक्स सोडून चमचा. मग कुरिअरवाल्यासमोर सही करायला मला पुढे करणं. मग गाडीची किल्ली. कुठला महिना, कुठला वार, सगळं. डॉक्टरांनी भराभर टाइप केलं आणि म्हणाल्या, याची फार मदत होईल. तपासण्या अजून चालू आहेत.

बाहेर लिफ्टची वाट बघताना श्रीरंग म्हणाला, "एवढं सगळं दिसत होतं तुला? मग विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुझं बाहेर कुणीतरी आहे."

"माझं?"

"हो."

"असं वाटत असताना तू दहा तास विमानात माझ्या शेजारी बसलीस? दोन दिवस मला गाडीतून घेऊन गेलीस?"

"गेले."

लिफ्ट आली, माणसं उतरली, चढली, गेली. आम्ही तिथेच उभे होतो. मग त्याने खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. तो थरथरत होता, आणि त्याने तो थरथरू दिला.