नावावर मारलेली काट

अंबडच्या आमच्या छोट्या ऑफिसात मी कांदा प्रतवारीच्या सरकत्या पट्ट्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. पट्टा चालू करा, थांबवा, वेग कमी करा, अशा तयार आज्ञांचा तो एक संच आहे. ठिकठिकाणच्या शेडचे लोक त्यातून हव्या त्या आज्ञा उचलतात आणि आपापला प्रोग्रॅम बांधतात. पट्टा चालू करण्याच्या त्यात दोन आज्ञा होत्या. एक आधी भोंगा वाजवायची, पाच सेकंद थांबायची, मग पट्टा हलवायची. दुसरी थेट हलवायची. ही दुसरी मी सुरुवातीच्या दिवसांत, टेबलावरच्या रिकाम्या पट्ट्यावर चाचणी घेताना स्वतःपुरती लिहिली होती. भोंग्याचा कंटाळा आला होता, दुसरं कारण नाही. पुढे ती संचात तशीच राहिली आणि शेडचे लोकही ती वापरू लागले.

खऱ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसतात आणि सडलेला, कोंब आलेला कांदा हाताने वेचतात. हे ध्यानात आलं तेव्हा मला ती आज्ञा डोळ्यांसमोर नको झाली. पण काढून टाकली असती, तर नवीन आवृत्ती घेताच कितीतरी शेड ऐन हंगामात बंद पडल्या असत्या. म्हणून मधला मार्ग काढला. आज्ञा चालेल, पण प्रोग्रॅम लिहिताना तिच्या नावावर आडवी काट दिसेल आणि खाली पिवळी ओळ येईल: ही पद्धत कालबाह्य आहे, वापरू नये. आमच्या धंद्यात तशी रीतच आहे. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खुशीत होते.

मग नामपूरहून फोन आला. तिथल्या एका शेडचा प्रोग्रॅम सांभाळणारे एक भाऊ, मूळचे वायरमन.

“ताई, नवीन आवृत्ती टाकली, बाकी झकास. त्या पिवळ्या ओळी तेवढ्या दिसायच्या बंद कशा करू?”

मला राग आला. फोनवर चार शब्द सुनावलेही. पण फोन ठेवल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. ओळ दिसते, वाचता येते, तरी हा माणूस ओळच पुसायला निघालाय, आज्ञा बदलायला नाही. का? दोन दिवसांनी सटाण्यामार्गे मी नामपूरला गेले.

शेडमधला पट्टा सारखा थांबत होता. गोणी भरली की थांब, बदलली की चालू. भाऊंचा हात खटक्याकडे गेला की पहिल्या जागेवरची मावशी जोरात ओरडायची आणि सगळ्या बायका हात मागे घ्यायच्या. मी लिहिलेला भोंगा इथे एका बाईच्या घशात बसवलेला होता.

“रोज असंच?” मी विचारलं.

“भाऊना हात खटक्यावर गया की मी वरडस,” मावशी म्हणाली.

तिची मनगटं मोकळी होती. एकदा पट्टा अचानक हलला, बांगडी अडकून फुटली आणि काच मनगटात गेली. तिने वण दाखवला. तेव्हापासून कामावर आली की हिरव्या बांगड्या काढून ती पदराच्या गाठीत बांधते. नवरा असताना मोकळे हात तिला अजिबात आवडत नाहीत, हेही तिने न विचारता सांगितलं.

मी भाऊंकडे वळले. “ती ओळ वाचलीत ना?”

“वाचली की. कालबाह्य म्हंजे जुनी. जुनं तर आमचं समदंच हाय, ताई. चालतंय तोवर चालवायचं.” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. “आन तुमच्याच नमुन्यातून तर घेतलंय.”

खरंच होतं. संचासोबत मीच दिलेल्या नमुना प्रोग्रॅममधली ओळ जशीच्या तशी होती आणि वर माझीच टीप: पट्टा चालू करण्याची सर्वांत सोपी पद्धत. आज्ञेवर काट मारली, पण नमुना बदलायला मी विसरले होते. आणि धोका हा शब्द तर मी कुठेच लिहिला नव्हता. फोनवर काय काय बोलले ते आठवून मला लाज वाटली, आणि मी भाऊंची माफी मागितली.

तिथेच बसून पिवळी ओळ नव्याने लिहिली: यात भोंग्याशिवाय पट्टा हलतो, हात अडकू शकतो, त्याऐवजी भोंग्याची आज्ञा वापरा. भाऊंनी ती दोनदा वाचली. गोणीगणिक पाच सेकंद जाणार म्हणून थोडे कुरकुरले, मग मावशीच्या मनगटाकडे पाहून स्वतःच आज्ञा बदलली.

पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा मावशी ओरडायला तोंड उघडून तशीच राहिली. मग हसली. मला वाटलं, आता गाठ सोडेल.

“ते जुनं आजून आत शे का?” तिने विचारलं.

“आहे,” मी म्हणाले, “पण त्यावर काट मारलीय. आता कुणी वापरणार नाही.”

तिने पदराची गाठ चाचपली.

“मंग बांगड्या ऱ्हाऊ दे गाठमाच,” ती म्हणाली आणि कांदा वेचायला लागली.

परतीच्या बसमध्येच मी सगळ्या शेडना निरोप लिहिला: हा हंगाम संपला की जुनी आज्ञा कायमची निघणार.