पूरग्रस्त म्हणायचं नाही

नदी पात्र सोडून शेतात शिरली, तरी आमच्या शेजारची आक्का त्याला पूर म्हणायला तयार नसायची. "पाणी आलंय," एवढंच. पाणी गावात येणाऱ्या वाटेवर चढलं की मग पूर. आणि महापूर? चूल बुडाल्याशिवाय तो शब्द तोंडातून काढायचा नाही, असा तिचा दंडकच होता. पेठ वडगावच्या बाजारात ती भाजी विकायची. तिथं कुणी "तुमच्याकडं महापूर हाय म्हणं?" असं विचारलं, की तोलता तोलता फटकारायची, "पावणं, चूल पेटतीया की माझी! भाजी घ्या आन् वाटंला लागा."

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात चूल बुडाली. "आता महापूर," आक्का म्हणाली, म्हशीचं दावं सोडलं आणि सगळी गल्ली घेऊन शाळेत आली. तिथं पहिली चूल तिनंच मांडली. मदत घेऊन शहरातली मंडळी आली. त्यांनी वर्गाच्या दारावर खडूनं 'पूरग्रस्त' लिहिलं आणि फोटोसाठी आम्हाला ओळीत उभं केलं. भाकरी थापणारी आक्का उठली आणि पिठाच्या हातानं तिनं ते पुसून टाकलं.

"अहो मावशी, तुम्ही पूरग्रस्तच ना?" त्यांच्यातला एकजण म्हणाला.

"पूर आमच्या घरात आलता. म्हणून काय आमचं नाव बदललं व्हय? बसा, जेवून जावा."

तिनं त्यांना पिठलं-भाकरी वाढली. फोटो राहूनच गेला. मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला.

पुढं आम्हाला माळावर घरं मिळाली. तिथं पाटी लागली, 'पूरग्रस्त वसाहत'. आक्काच्या नातीला शाळेत 'पूरग्रस्ताची पोर' म्हणून चिडवू लागले, तेव्हा आक्का ग्रामसभेत उभी राहिली. "पाणी कवाच उतरलं की! ह्यो शब्द कवा उतरायचा?" लोक हसले. पाटी तशीच राहिली. मग आक्कानं ती शेणानं सारवली. पाटी धुतली की ती पुन्हा सारवायची. भांडणं झाली, पण ती हटली नाही.

चार वर्षांनी आक्का गेली. चौकातल्या फळ्यावर कुणीतरी लिहिलं, 'पूरग्रस्त वसाहतीतील आक्काताई यांचे दुःखद निधन'. माझं डोकंच फिरलं. तो शब्द पुसायला मी तशीच धावत चौकात गेले.

आक्काची नात माझ्याआधी पोचली होती. रडून तिचे डोळे सुजले होते आणि हात कोपरापर्यंत शेणानं भरले होते.