भाऊजींचा वळत्या पात्यांचा पंखा

स्वतःच्या हाताने विमान बांधून, वर उडत असताना त्याच्या पंख्याची पाती वळवणारा माणूस अख्ख्या गोव्यात एकच झाला, आणि तो आमच्या पार्से गावच्या घरात माझ्या हातचं जेवत होता. हे मी दिराचं कौतुक म्हणून सांगत नाही. कौतुक करण्याची मला सवय नाही, आणि ते घरात असले की वेळही नसे. माझे थोरले दीर मुळगावच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. दर शनिवारी ते घरी येत आणि घरातली एक तरी चालणारी वस्तू खोलून ठेवत. माझं शिवणयंत्र तीन वेळा खोललं. तिन्ही वेळा ते आधीपेक्षा बरं चालायला लागलं, हे कबूल केलं पाहिजे.

विमान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, शिंप्याकडून शिवून घेतलेलं कापड, भंगारातल्या मोटारीचं इंजिन आणि एका माणसापुरती खुर्ची. गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, झावळ्यांच्या मांगरात ते उभं असे. अडचण सड्याची होती. सडा आखूड, आणि टोकाला काजूची झाडं. पंख्याची पाती कमी तिरकी बसवली तर विमान चटकन उठे, पण वर गेल्यावर बैलगाडीसारखं चाले. जास्त तिरकी बसवली तर वर पळालं असतं, पण सड्यावरून उठायलाच तयार नसे. दाबोळीच्या बाजूला विमानांची देखभाल करून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, "एकाच तिरकेपणाचा पंखा लावा आणि गप्प राहा." भाऊजींनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही चढाक आणि सपाटीक एकाच गिअरार ट्रक चालयतात?" त्यानंतर दोन वर्षं त्यांनी लेथवर घासून असा पंखा बनवला की खुर्चीजवळची दांडी पुढे केली की पाती सपाट होत, म्हणजे पहिला गिअर; मागे ओढली की तिरकी, म्हणजे टॉप.

हे ते भेटेल त्याला समजावत. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला त्यांनी त्याच्याच गोल पावांवर, उंड्यांवर समजावलं. सुरी आडवी धरली की पातळ काप आणि हात भरभर चालतो, तिरकी धरली की जाड काप पण हाताला जोर लागतो. सात उंडे कापून झाल्यावर पोदेर म्हणाला, "पात्रांव, माका कळ्ळें. आतां हें कोण घेतलो?" ते आम्हीच घेतले. त्या दिवसांत कोकणी की मराठी यावरून घराघरांत भांडणं चालली होती. दोन्ही बाजूंचे लोक सह्या मागायला आले, तेव्हा भाऊजींनी दोघांनाही प्रोपेलरला तुमच्या भाषेत काय म्हणतात ते विचारलं. दोघेही विचार करायला म्हणून गेले ते परत आले नाहीत. परवानगीच्या कागदासाठी पणजीला इतक्या फेऱ्या झाल्या की फेरीबोटवाले विचारत, "आज तरी उडलात काय?" गोवा राज्य झालं, आणि काही महिन्यांनी भाऊजींचा कागदही आला. दिवसा, एकट्याने, सड्याच्या आसपास.

सगळ्यात कठीण परवानगी घरातली होती. माझ्या जाऊबाई मितभाषी. त्या एवढंच म्हणाल्या, "एकदा उडा. कायेक झाला तर ह्या सगळा भंगारवाल्याक." भाऊजींनी मान डोलावली. त्यांनी मान डोलावली की शब्द दिल्यासारखंच, हे दोघांनाही ठाऊक होतं.

उड्डाणाच्या सकाळी सड्यावर गाव जमलं होतं. पाती सपाट होती आणि विमान काजूच्या बरंच अलीकडे उठलं. वर गेल्यावर आवाज भरदार झाला, म्हणजे टॉप पडला, आणि विमान असं सुटलं की मी, जी कधी टाळ्या वाजवत नाही, तिने डोक्यावर हात नेऊन वाजवल्या. मग ते उतरायला आलं. तेवढ्यात कोणाची तरी म्हैस सड्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. भाऊजींनी पुन्हा वर जायला इंजिनाचा जोर वाढवला, पण टॉपमध्ये चढ घेणाऱ्या भरल्या ट्रकासारखं ते नुसतं कण्हत राहिलं. काजूची झाडं समोर आली. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. शेवटच्या क्षणी आवाज चढला, नाक वर झालं आणि चाकांना काजूची पानं घेऊन विमान पलीकडे निघून गेलं. दुसऱ्या फेरीत ते नीट उतरलं. लोकांना वाटलं, भाऊजींनी मुद्दाम करामत दाखवली. त्यांनी भाऊजींना खांद्यावर घेतलं.

गप्प राहिले असते तर कोणालाच कळलं नसतं. पण खांद्यावरून उतरून ते सरळ बायकोसमोर गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माझी चूक. खाली येताना दांडी पुढे करूक इसारलंय. उतारार टॉप." डिझेल वाचवायला खाणीचा उतार टॉपमध्ये उतरणाऱ्या ड्रायव्हरांना या माणसाने तीस वर्षं शिव्या घातल्या होत्या. आता त्याने स्वतः तेच केलं होतं, आणि कबूल केलं तर विमान भंगारात जाणार हे माहीत असून सांगितलं. आमच्या घराण्यात मला अभिमान वाटण्यासारखं फार काही नाही, पण ते वाक्य आहे.

जाऊबाई बराच वेळ चाकातली पानं काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "फुडल्या खेपेक मी थंय उभी ऱ्हवतंय. तांबडो पंचो हालयलंय काय दांडी फुडे करा."

त्यानंतर नऊ वर्षं त्या उभ्या राहिल्या. विमान उतरायला वळलं की सड्याच्या कडेला लाल पंचा हले आणि वरचा आवाज बदले. एकदाही चुकलं नाही.

जाऊबाई गेल्याला आता दोन वर्षं होतील. भाऊजी रविवारी मांगरात जातात, इंजिन सुरू करतात, दांडी पुढे-मागे करून आवाज ऐकतात आणि बंद करतात. गेल्या खेपेस मी म्हटलं, "पंचा मी धरते. त्यात काय मोठंसं?"

भाऊजी म्हणाले, "तू विमानाकडे बघतलंस गो. ती माझ्याकडे बघी."

मग त्यांनी ताडपत्री ओढायला घेतली आणि मी दुसरं टोक धरलं.