बारा छोटे पिझ्झे

तव्यावर चीज जरासं करपल्याचा वास आला, की मला आर्णीतलं ते भाड्याचं स्वयंपाकघर आठवतं. नवऱ्याची तिथे बदली होऊन चार महिने झाले होते, माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं, आणि चौथीतल्या लेकीलाही अजून मैत्रीण मिळाली नव्हती. वर्गात तिला धरून बारा मुली. मग मीच शक्कल लढवली. कणकेची जाडसर पोळी लाटून वाटीनं बारा चकत्या पाडल्या, त्यांवर टोमॅटोची घट्ट चटणी, ढोबळी मिरची आणि यवतमाळहून मुद्दाम मागवलेलं चीज किसून झाकण ठेवलं. डबा भरताना म्हटलं, "सगळ्यांना दे हं, मग बघ कशा जवळ येतात!" दिवसभर मी दाराशी घुटमळत होते. संध्याकाळी डबा आला तो तसाच जड. चार महिन्यांत तिथली बोली उचललेली लेक म्हणाली, "आई, वर्गात मी आन् दोन पोरंच होतो. पोरी साऱ्या कापूस वेचाले गेल्या." त्या वर्षांत कापसाला भावच नव्हता, बाया लावून वेचणी परवडत नव्हती, म्हणून घरच्या मुली शेतात जायच्या. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं, फक्त आम्हाला नव्हतं. "अगं, मग तू तरी खायचेस ना!" मी चिडलेच. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि म्हणाली, "एकटीनं कायले खाऊ?" आता ती परदेशात असते, माझा नवरा जाऊनही दोन वर्षं झाली. आज मी दोनच केले, तेही केव्हाचे तव्यावर झाकलेलेच आहेत.