डबल कोट आणि शाळेचा ट्रॅक्टर

आमच्या गल्लीत ज्याला सगळे डबल कोट म्हणतात, त्याने उभ्या आयुष्यात कोट घातलेला नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. मी होतो, मी पाहिलंय. चौतीस वर्षं त्याने डेपोत बसगाड्या रंगवल्या आणि एकाही गाडीला रंगाचा एकच हात, म्हणजे एकच कोट, देऊन सोडलं नाही, म्हणून हे नाव.

डेपोतले इंजिनवाले मिस्त्री रंगवाल्यांना ‘पावडर-लाली खातं’ म्हणायचे. गाडी अडली की याला हाक मारायचे, "अरे, जरा लिपस्टिक लाव, चालू होईल!" हा वरून हसायचा आणि आतून जळायचा. म्हणूनच रिटायर झाल्यावर त्याने मागच्या शाळेच्या मैदानाचं गवत कापायचं काम हौसेनं अंगावर घेतलं असणार. शाळेकडे गवत कापायचा एक छोटा ट्रॅक्टर होता, वयाने त्याच्या थोरल्या मुलीएवढा. त्यावर बसून फेऱ्या मारताना याची मान अशी ताठ, की बघणाऱ्याला वाटावं विमान चालवतोय. "भाऊजी," वहिनी एकदा मला म्हणाल्या, "घरात कधी हसत नाहीत. तिथे एकटेच हसतात."

यंदा सुट्टीत याने ट्रॅक्टरचा बोल्ट अन् बोल्ट सुटा केला आणि सगळा रंगवला. हिरवा, आरशासारखा. सुट्टी संपली, गवत गुडघ्याला लागलं आणि मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "काका, शनिवारी सकाळी स्पर्धा आहेत. शुक्रवारी पाचपर्यंत मैदान झालं नाही तर मी कंत्राटदाराला सांगते. आणि मग ट्रॅक्टरची खोलीही द्या आम्हाला, खुर्च्या ठेवायला."

मंगळवारी याने चावी मारली. टिक्. पुन्हा मारली. टिक्.

मी खुर्ची घेऊन गेलो. मदतीला नाही, बघायला. माझ्या वयाला दुसरी करमणूक काय?

मंगळवारी प्लग बदलला. टिक्. बुधवारी जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, कार्बोरेटर उघडून वहिनींच्या चांगल्या परातीत धुतला. टिक्. वहिनींनी परात ओळखली आणि त्या दिवशी याला जेवताना भाजी दोनदा मागावी लागली. गुरुवारी बॅटरी रात्रभर चार्ज करून आणलेली. दिवा लख्ख पेटला. हा खूश. चावी मारली, दिवा मालवला आणि टिक्.

"अरे, मिस्त्रीला बोलाव," मी म्हणालो. आमच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री याच्याच डेपोतला, याच्याहून वीस वर्षांनी लहान.

"त्याला? तो काय म्हणेल माहितीये?"

"लिपस्टिक लावा म्हणेल."

याने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची दोन हात मागे घेतली. मग त्याने टायरला लाथ मारली. मग खाली वाकून, टायरवरचा लाथेचा डाग बाहीने पुसला!

शुक्रवारी दुपारपर्यंत त्याने प्रत्येक वायर ओढून पाहिली, प्रत्येक बोल्ट आवळला, बोटाची साल काढून घेतली आणि ट्रॅक्टरला जे जे म्हणाला ते छापण्यासारखं नाही. साडेतीनला मिस्त्री दारात उभा. मी बोलावलं नव्हतं, शपथ. वहिनी त्याच्या मागेच होत्या.

"अहो, माझ्याकडे बघू नका तसं," वहिनी म्हणाल्या. "चार दिवस झाले, घरात भांडी आपटताय. बघू द्या त्याला."

मिस्त्रीने चावी मारली. टिक्. दिवा पाहिला. पिशवीतून एक जाड वायर काढली, एक टोक बॅटरीला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं आणि पुन्हा चावी मारली.

ट्रॅक्टर असा गरजला की मी खुर्चीसकट उडालो.

मिस्त्रीने तो बंद केला. "काका, बॅटरीची एक वायर या सांगाड्याला बोल्टने जोडलेली असते. वीज लोखंडातून परत येते. या बोल्टाखाली रंग दिलात?"

"दिला."

"वायरच्या कड्याला?"

"दोन हात."

"आट्यांना?"

"ब्रशने आत घालून."

"अहो, रंगातून वीज जाते का? कुठल्या तरी फटीतून थेंबभर येतेय, दिव्याला तेवढी पुरते. इंजिन फिरवणाऱ्या मोटरला बादलीभर लागते. पण बोल्टाखाली कोण बघणार होतं, काका?"

"मी," डबल कोट म्हणाला. "मला माहीत असतं ना."

मिस्त्री हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मी हसलो. मिस्त्रीने पॉलिश पेपरचा तुकडा पुढे केला. "रुपयाएवढी जागा घासा. लख्ख लोखंड दिसलं पाहिजे."

"ही तुझी वायरच राहू दे लावलेली."

"हादऱ्यांनी सुटेल. घासा."

सव्वाचार झाले. हा पेपर हातात धरून उभा. चौतीस वर्षं घासलेल्या पत्र्यावर रंग चढवणारा माणूस, चढवलेला रंग उतरवायला त्याचा हातच उठेना. शेवटी बसला खाली आणि घासू लागला. हिरवी भुकटी पडली, मग राखाडी, मग लोखंड चमकलं. कडं घासलं, आटे घासले, बोल्ट आवळला. "गंज येईल इथे," एवढंच पुटपुटला.

चावी मारली. धडधड धडधड! मिस्त्रीला थँक्यू म्हणायलाही न थांबता हा मैदानात गेला.

पाचला कंत्राटदाराचा माणूस पाठीवर मशीन बांधून आला, मागून बाई. मैदान अर्धं कापून झालेलं. बाईंनी हात केला. हा थांबला नाही. बाई ओरडल्या, "काका, बंद करा जरा, बोलायचंय!"

"बंद नाही करणार!" हा आवाजावर आवाज चढवून ओरडला. "पुन्हा चालू नाही झाला तर?"

बाई चपला गवतात रुतवत अर्धी फेरी त्याच्या बाजूने चालल्या. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, आणि मी कान टवकारण्यात कधी कमी पडत नाही. वहिनी चहा घेऊन गेल्या, तर याने एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने कप घेतला आणि पुढच्या फेरीला रिकामा परत दिला. हसत नव्हता. कपाळाला आठ्या, नजर इंजिनवर.

बाई परत आल्या, कपाळावरचा घाम पुसला आणि त्या माणसाला म्हणाल्या, "तुम्ही जा. हे काही थांबत नाहीत."